उंबरठ्याआडची उतरंड

जुन्या स्वयंपाकघरात गाडग्या-मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. वरच्या सर्वांचा भार तळच्याने वाहायचा. आणि तळचे हलले तर सारेच कोसळेल, या धाकाने त्याला कोणी हात लावायचा नाही. समाजातील उच्चनीचतेला नाव देताना मराठीने हाच शब्द उचलला, हे अर्थपूर्ण आहे. सामाजिक उतरंड कचेरीत आणि कारखान्यात रचली जाते हे खरेच; तथापि ती रोज सकाळी नव्याने रचली जाते ती घराघरांतील ओट्याजवळ आणि मोरीशेजारी. ती रचणारे हात बहुधा सुशिक्षित, पापभीरू आणि स्वतःला समतेचे पाईक समजणाऱ्या माणसांचे असतात.

राज्यघटना अमलात आल्याला ७५ वर्षे उलटून गेली. या काळात स्त्रीला आणि श्रमिकाला कायद्याने पुष्कळ दिले. पण कायद्याची वाट घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थबकते. कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो, दुकानाच्या वेळा तपासता येतात, कार्यालयातील हजेरीपट मागवता येतो. घरात कोणी किती वाजता उठायचे, कोणाच्या कपाला कोणता खिळा, कोणाला ‘अहो’ म्हणायचे आणि कोणाला ‘अगं’, हे ठरवणारी सत्ता मात्र घरातील माणसांच्याच हाती राहते. म्हणूनच विषमतेचा विचार करताना ‘व्यवस्था’ या सोयीच्या शब्दाआड दडून चालत नाही. व्यवस्था काही स्वतः भांडी घासत नाही की पगार कापत नाही. ती कामे माणसेच करतात आणि माणसेच करून घेतात.

कल्याण जंक्शन सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सीमेवरचा हा भाग. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पुढे मुंबईत जागा न परवडणारा मध्यमवर्ग रेल्वेच्या रुळांबरोबर सरकत इकडे आला आणि त्याच्या मागोमाग किंवा त्याच्याही आधी पोट भरण्यासाठी गाव सोडलेली माणसे आली. त्यामुळे चाळ, झोपडपट्टी आणि उद्वाहक असलेली नवी इमारत यांत येथे फारसे अंतर नाही. अंतर आहे ते दुसऱ्या प्रकारचे. सकाळी एक स्त्री घाईघाईने मुंबईची गाडी पकडते. पन्नासाहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून ती कार्यालयात पोहोचणार असते. त्याच सुमारास दुसरी स्त्री पायी निघून पहिलीच्या घरी धुणे, भांडी, केर आणि लादी आटोपण्यासाठी येते. पहिलीची नोकरी दुसरीच्या श्रमावर उभी आहे आणि दुसरीची चूल पहिलीच्या पगारावर. दोघींचे हित इतके एकमेकींत गुंतलेले असूनही त्यांच्यामधला व्यवहार हा बहुतेक वेळा एका रुसव्या-फुगव्याचा, संशयाचा आणि घासाघिशीचा असतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर त्या दोघींकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी पहिलीच्या घरात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडे पाहावे लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के दिवसभरात कुटुंबासाठी विनावेतन घरकाम करीत होत्या. पुरुषांत हेच प्रमाण २६.१ टक्के होते. जे पुरुष असे काम करीत होते, तेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटे करीत. स्त्रिया २९९ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. मात्र त्या कमी झालेल्या दहा मिनिटांचे ओझे पुरुषांनी उचलले म्हणावे तर तसेही नाही. त्यांची मिनिटे ८८ झाली होती. स्त्री अर्थार्जनासाठी घराबाहेर पडली, याचा अभिमान बहुतेक कुटुंबांना वाटतो. तिने मागे सोडलेले काम कोणी करायचे, हा प्रश्न मात्र पुरुषापर्यंत पोहोचूच दिला जात नाही. तो परस्पर खालच्या पायरीवर सोपवला जातो.

येथे लिंगभेद आणि वर्गभेद एकमेकांच्या मदतीला धावतात. घरातील कामाची वाटणी नवरा-बायकोत झाली असती, तर पुरुषाच्या सवयीला धक्का बसला असता. मोलकरीण ठेवली की तो धक्का टळतो. नवऱ्याची सवय शाबूत राहते, बायकोची नोकरी शाबूत राहते आणि दोघांमधला वाद महिन्याकाठी काही रुपयांत मिटतो. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोलकरणीचा पगार ठरवणे, खाड्याचे पैसे कापणे, उशिराबद्दल बोलणे, दिवाळीच्या बोनसची घासाघीस करणे ही सगळी कटू कामे घरातील स्त्रीच करते. पुरुष या व्यवहारात कधीच दिसत नाही. त्यामुळे ‘वहिनी फार कडक, साहेब मात्र देवमाणूस’ असा लौकिक तयार होतो. जो सर्वांत कमी करतो, त्याचेच हात सर्वांत स्वच्छ राहतात. दोन स्त्रियांमधील या रोजच्या कुरबुरीने एका पुरुषाची बिनकष्टाची प्रतिष्ठा सुरक्षित ठेवलेली असते.

साखळी येथेच संपत नाही. मोलकरीण चार घरची कामे उरकत असताना तिच्या घरचे काम कोण करते? सार्वजनिक नळावर पाण्यासाठी कोण उभे राहते? धाकट्या भावंडाला कोण सांभाळते? बहुतेक वस्त्यांत याचे उत्तर एकच आहे : तिची थोरली मुलगी. परीक्षेच्या दिवसांत आई आजारी पडली, तर आईच्या कामावर बदली म्हणून जाणारीही तीच. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पण आईच्या मागे स्वतःच्या घरी राबणाऱ्या मुलीला कोणता कायदा गाठणार? वरच्या मजल्यावरील पुरुषाने जो केरसुणीचा भार नाकारला, तो एकेक पायरी उतरत शेवटी या मुलीच्या पाटीदप्तरावर येऊन पडतो. तिचा भाऊ मात्र त्याच वेळी गल्लीत खेळत असतो, कारण ‘मुलग्याला काय सांगायचे?’ हे वाक्य तिसऱ्या मजल्यावर आणि झोपडीत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. उतरंडीतील सर्वांत खालचे मडके स्वतःच्या घरात पुन्हा एक छोटी उतरंड रचते, ती अशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले आणि तिच्या दीर्घायुष्याचे कारणही सांगितले. या रचनेत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असते, तसे बहुतेकांच्या खालीही कोणीतरी असते. त्यामुळे वरच्याविरुद्धच्या रागापेक्षा खालच्यावरचा अधिकार गमावण्याचे भय मोठे ठरते. हे विश्लेषण जातीपुरते नाही. कार्यालयात साहेबाचे बोलणे निमूटपणे ऐकणारा कारकून घरी येऊन ‘अहो’ होतो. सासूचा जाच सोसलेली सून कालांतराने तोच जाच परंपरा म्हणून पुढे चालवते. दिवसभर ‘मॅडम’चा शब्द झेलणारी कर्मचारी स्त्री संध्याकाळी मोलकरणीची ‘मॅडम’ होते. प्रत्येकाला सोसण्याची भरपाई म्हणून थोडी हुकमत मिळते आणि त्या थोड्याशा हुकमतीसाठी संपूर्ण रचना मान्य केली जाते.

ही मान्यता कोणत्या साधनांनी टिकते, ते पाहिले म्हणजे त्यांच्या क्षुद्रपणाचे आश्चर्य वाटते. मोलकरणीच्या चहाचा कप निराळा असतो. कान तुटलेला किंवा जुन्या संचातून उरलेला. १९२७ मध्ये महाडला ज्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्या पाण्याचा प्रश्न आता कायद्याने मिटला; कपाच्या रूपाने तो स्वयंपाकघरात शिल्लक आहे आणि त्याला आता ‘स्वच्छता’ असे आधुनिक नाव मिळाले आहे. ज्या हातांनी घासलेल्या ताटात घर जेवते, त्याच हातांत गेलेला कप मात्र अस्वच्छ कसा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. अनेक गृहनिर्माण संस्थांत मोलकरणींनी कोणती लिफ्ट वापरावी, याच्या पाट्या लागतात. फाटकावर त्यांच्या पिशव्या तपासल्या जातात. रहिवाशांच्या पाहुण्यांच्या तपासल्या जात नाहीत. ती घरात दिवसभर वावरते, पण दमली तर बसते जमिनीवर. खुर्ची रिकामी असली तरी.

भाषाही या कामी मागे नाही. मराठी घरात पत्नीने पतीला ‘अहो’ म्हणायचे आणि पतीने पत्नीला ‘अगं’, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही असमान आहे, हे सांगावे लागते. मोलकरणीच्या बाबतीत तर नाते आणि मान यांची फारकतच होते. तिला ‘मावशी’ म्हटले जाते. पण क्रियापद मात्र एकेरी. सख्ख्या मावशीला ‘तू’ म्हणण्यात लाडिकपणा असतो. या मावशीला म्हटलेल्या ‘तू’मध्ये दर्जा असतो. साठीची मोलकरीण घरातील शाळकरी मुलाला ‘दादा’ म्हणते आणि तो तिला ‘ए मावशी’ अशी हाक मारतो, तेव्हा त्या मुलाला समाजशास्त्राचा एक संपूर्ण धडा मिळालेला असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील समतेचा पाठ त्याला गुणांसाठी पाठ करावा लागतो; हा धडा त्याला आपोआप येतो.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते : ‘आमच्याकडे तिला घरच्यासारखे वागवतात.’ त्यात प्रामाणिकपणा नसतो असे नाही. अडीअडचणीला उचल देणारी, मुलांची पुस्तके-कपडे देणारी, रुग्णालयात भेटायला जाणारी घरे आहेत आणि त्या आपुलकीची किंमत मोलकरणी जाणतात. तथापि या नात्याचा वापर सोयीने होतो. सणाच्या दिवशी जास्तीचे काम पडले की ती घरची असते. पगारवाढीचा विषय निघाला की ‘बाजारात याच दरात बाया मिळतात’. आजारी पडून चार दिवस आली नाही की खाडे मोजले जातात. घरच्या माणसाचे आजारपणाचे खाडे कोणी मोजत नाही. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क घेणाऱ्याच्या हिशेबावर. दया कितीही उदार असली तरी ती उतरंड मोडत नाही. उलट तिला गुळगुळीत करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन तास जाताना आणि दोन तास येताना लोकलच्या गर्दीत चेंगरणारी, गाडीतच भाजी निवडणारी नोकरदार स्त्री ही काही शोषक नव्हे; तिच्याच माथी सारे खापर का फोडावे? हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच प्रश्न तिच्या एकटीच्या सदसद्विवेकबुद्धीचा नाही. महाराष्ट्रात १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी आंदोलनात स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा चाळीतली आणि ब्लॉकमधली गृहिणी शेजारी शेजारी चालली. सरकार हादरले. पण मोर्चा संपल्यावर ते लाटणे ज्या हातात गेले होते, त्याच हातात घरी परत आले. बाजारभावाची लढाई रस्त्यावर लढता येते. लाटणे कोणाच्या हातात असावे, ही लढाई घरातच लढावी लागते. तेथे साथीला मोर्चा नसतो.

आणि तरीही खालून आवाज उठलाच नाही, असे नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी यांसाठी काम थांबवणाऱ्या या स्त्रियांनी, आपण कोणाच्या घरच्या नसून कामगार आहोत, हे पहिल्यांदा मोठ्याने सांगितले. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा झाला. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्या वेळी बाजूने मत दिले, पण पुढे त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने खासगी घरालाही कामाचे ठिकाण मानले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायदेशीर चौकट असावी का, याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमण्याचा आदेश दिला. पंचेचाळीस वर्षांच्या या वाटचालीचे मोल कमी नाही. पण इतक्या कायद्यांनंतरही पगाराचा दर आणि रविवारची सुट्टी या दोन गोष्टी दाराच्या आतच ठरतात, हे वास्तव राहते.

२०२० च्या टाळेबंदीने हे वास्तव उघडे पाडले. गृहनिर्माण संस्थांची फाटके मोलकरणींसाठी बंद झाली. काही घरांनी त्यांना घरबसल्या पूर्ण पगार दिला, अनेकांनी दिला नाही. आणि न देणाऱ्यांना जाब विचारू शकेल अशी कोणतीही यंत्रणा नव्हती. त्याच काळात पुष्कळ पुरुषांनी हातात झाडू धरला. जग काही बुडाले नाही. ‘पुरुषांना ही कामे जमत नाहीत’ हा समज काही आठवड्यांत खोटा ठरला. पण फाटके उघडताच झाडू पूर्वीच्याच हातात गेला. न जमणे हा प्रश्न नव्हताच, असा याचा अर्थ होतो.

व्यक्तीच्या हाती काय आहे, हा प्रश्न येथे निराशेने विचारायचा नाही. ज्या गोष्टी व्यक्तींच्या वागण्याने टिकतात, त्या व्यक्तींच्याच वागण्याने सुटतातही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्या प्रथा कोणत्याही कायद्याने लादलेल्या नव्हत्या. शेजारणी, नणंदा आणि जावा यांच्याच हातून त्या पार पडत. ते हात थांबले पाहिजेत, असे एका गावाने ठरवले. गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा ग्रामपंचायतीपेक्षा कमी सुशिक्षित नसते. लिफ्टची पाटी काढण्याचा, सर्व घरांत आठवड्याची एक पगारी सुट्टी आणि आजारपणातील ठरावीक रजा देण्याचा, फाटकावरची झडती थांबवण्याचा ठराव तिला एका संध्याकाळी करता येईल. एकट्या घराने सुट्टी दिली तर शेजारी रागावतात. सर्वांनी मिळून दिली तर तो नियम होतो.

असे नियम करण्याची कला या परिसरातील स्त्रियांना परकी नाही. लोकलमध्ये तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा द्यायची, हा नियम कोणत्याही रेल्वे कायद्यात नाही. तो प्रवाशांनीच घडवला आणि प्रवासीच पाळतात. न पाळणाऱ्याला डब्याची नापसंती सोसावी लागते. थोडे अवघडून दुसऱ्याला जागा द्यायची, एवढेच त्यामागचे तत्त्व. तेच तत्त्व घरात लागू करताना अवघडायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे; आणि न्याय्य उत्तर हेच, की जो आजवर पाय पसरून बसला त्याने. घरातील पुरुषाने ‘मदत’ करणे सोडून आपला वाटा उचलावा. मदत ही दुसऱ्याच्या कामात करायची असते. स्वतःच्या घरातले काम दुसऱ्याचे नसते. मुलग्याला आपले ताट आपण घासायला शिकवणे, हा कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाहून परिणामकारक पाठ ठरेल. मोलकरीण ठेवणे हा गुन्हा नव्हे. पण तिचा दर ठरवताना आपल्या कार्यालयात आपण जी रजा, जी वेतनवाढ आणि जी प्रतिष्ठा मागतो, तीच मोजपट्टी वापरावी. आणि हा दर ठरवताना घरातील पुरुषानेही समोर बसावे; म्हणजे देवमाणूसपण किती स्वस्त होते, ते त्यालाही कळेल.

विठ्ठलवाडीच्या नावात ज्याचे नाव आहे, त्याच्या भक्तपरंपरेत जनाबाईला मानाचे स्थान आहे. ती नामदेवांच्या घरची दासी; म्हणजे आजच्या भाषेत मोलकरीण. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला, त्याने तिचा केर भरला, अशी कथा महाराष्ट्र सातशे वर्षे भक्तिभावाने सांगत आला आहे. कथेतील देवाला जात्याचा खुंटा धरताना कमीपणा वाटला नाही, हे ऐकून कीर्तनाला बसलेले श्रोते गहिवरतात. घरी परतल्यावर मोरीत भांड्यांचा ढीग तसाच असतो, आणि सकाळी येणाऱ्या बाईने तो उपसावा, असे गहिवरलेल्या सर्वांनाच वाटते. देवाने जे केले ते भक्ताला का जमू नये, याचे उत्तर कोणताही कायदा देणार नाही. ते प्रत्येक घराने आपापल्या मोरीपाशीच द्यायचे आहे.